लंडनच्या आधी सत्र न्यायालय

वाचकाचं पत्र

ताई, मी सव्वीस वर्षांची. सोलापूरच्या पूर्वभागात राहते, घरी आम्ही तेलुगू बोलतो. पप्पांचे टॉवेलचे यंत्रमाग आहेत. सनद घेऊन अडीच वर्षं झाली, एका ज्येष्ठ फौजदारी वकिलांकडे ज्युनिअर आहे. मध्यंतरी एका ब्रिटिश बॅरिस्टरबाईंची मुलाखत पाहिली. लंडनमध्ये खुनाचे खटले, हेगला बचाव, कॅरिबियन बेटांवरच्या फाशीच्या कैद्यांची अपिलं! ते पाहिल्यापासून इथे तारखा घेण्यात जीव रमत नाही. लंडनला एलएलएम आणि बार कोर्स करायचा तर चाळीस लाख लागतील. पप्पा घर आणि माग तारण ठेवायला तयार आहेत. सर म्हणतात, थांब. त्यात सरांनी पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या, एका खटल्यात आरोपीच्या बाजूने मला सोबत घेतलं, तेव्हापासून आई माझ्याशी धड बोलत नाही. मी काय करू?
— एक ज्युनिअर, सोलापूर

उत्तर

कर्ज काढू नकोस. हे सगळ्यात आधी लिहिते, कारण पप्पांनी बँकेत कागद दिले असतील तर ते आजच थांबवता येतील. दहा टक्के दर धरला तरी चाळीस लाखांचं नुसतं व्याज महिन्याला तेहेतीस हजारांवर जातं, आणि जिल्हा न्यायालयात ज्युनिअरच्या हातात महिन्याकाठी काय पडतं ते तुला माझ्याइतकंच ठाऊक आहे. परदेशाचं स्वप्न सोड असं मात्र मी म्हणत नाही. ते तू धरून ठेवावंस अशी माझी मनापासून इच्छा आहे. माझा आक्षेप क्रमाला आहे.

तासाभराच्या मुलाखतीत माणसाची तीस वर्षं बसवलेली असतात. त्यात हेग दिसतं, जमैका दिसतं. मॅजिस्ट्रेट कोर्टात चोरीमारीच्या जामिनासाठी दिवसभर ताटकळलेली वर्षं दिसत नाहीत. इंग्लंडमध्ये फौजदारी बॅरिस्टर कसा घडतो ते नीट पाहा. पदवी, मग बार कोर्स, मग लिंकन्स इन, इनर टेंपल, मिडल टेंपल किंवा ग्रेज इन या चारांपैकी एका संस्थेकडून ‘कॉल’, म्हणजे बॅरिस्टर ही पदवी. आपले बाबासाहेब ग्रेज इनचे, गांधीजी इनर टेंपलचे. इथवर पैसे भरून आणि परीक्षा देऊन पोचता येतं. खरी अडचण पुढे आहे. कॉल मिळाल्यावरही तिथल्या न्यायालयात स्वतंत्रपणे उभं राहता येत नाही. त्यासाठी बारा महिन्यांची प्युपिलेज करावी लागते. पहिले सहा महिने ज्येष्ठाच्या मागे बसून पाहायचं, पुढचे सहा महिने देखरेखीखाली स्वतः उभं राहायचं. या जागा वर्षाला काही शे असतात आणि त्या मागणारे काही हजार. दर वर्षी आशिया-आफ्रिकेतून आलेली कितीतरी मुलं कॉल मिळवतात आणि प्युपिलेजशिवाय मायदेशी परततात. तुझं चाळीस लाखांचं कर्ज तुला नेमकं त्या दारापर्यंत नेतं. पलीकडे नेत नाही.

प्युपिलेजनंतर चेंबर्समध्ये, म्हणजे बॅरिस्टरांच्या सामायिक कार्यालयात, जागा मिळाली, तरी पगार नसतो. आणि फौजदारी शाखा तिथेही तुलनेने गरिबांची आहे. बहुतेक आरोपींच्या वकिलाची फी सरकारी विधी साहाय्यातून येते. ती इतकी अपुरी झाली की २०२२ मध्ये इंग्लंड आणि वेल्समधले फौजदारी बॅरिस्टर काम थांबवून रस्त्यावर आले, सप्टेंबरपासून तर बेमुदत. सरकारने देऊ केलेली १५ टक्के वाढ चालू खटल्यांनाही लागू करायचं ठरलं, तेव्हा ऑक्टोबरमध्ये ते परत उभे राहिले. नावापुढे किंग्ज काउन्सेल ही ज्येष्ठ वकिलाची पदवी लागायला बहुतेकांची पंधरा-वीस वर्षं जातात. त्या बाई आज जिथे आहेत, तिथे त्या याच वाटेने पोचल्या असणार.

आता हेगबद्दल. तिथे दोन वेगळी न्यायालयं आहेत आणि आपल्याकडे त्यांची सर्रास सरमिसळ होते. कुलभूषण जाधव यांच्यासाठी हरीश साळवे उभे राहिले आणि १७ जुलै २०१९ रोजी निकाल आला, ते आंतरराष्ट्रीय न्यायालय. तिथे देश विरुद्ध देश असा वाद चालतो, आरोपीचा पिंजरा नसतो. तुझ्या डोळ्यांसमोर आहे ते आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय. १९९८च्या रोम संविधी या आंतरराष्ट्रीय कराराने ते ठरलं आणि संविधी २००२ मध्ये अमलात आली. त्याच्या वकिलांच्या यादीत नाव घालायचं तर अट अशी: फौजदारी खटल्यांत न्यायाधीश, सरकारी वकील किंवा वकील म्हणून किमान दहा वर्षांचा अनुभव, आणि इंग्रजी किंवा फ्रेंचवर उत्तम प्रभुत्व. वकिलाचा साहाय्यक व्हायला पाच वर्षांचा अनुभव चालतो. भारत रोम संविधीत सामील झालेला नाही, त्यामुळे तिथल्या नोकऱ्यांत सदस्य देशांच्या नागरिकांना प्राधान्य मिळतं. वकिलांच्या यादीला मात्र राष्ट्रीयत्वाची अट नाही. लंडनची पदवीही त्यात कुठे मागितलेली नाही. सोलापूरच्या सत्र न्यायालयातली तुझी अडीच वर्षं त्या दहांत मोजली जातात. तू ज्या दिवसांना वाया गेलेले समजते आहेस, तेच दिवस हेगला मागितले जातात.

हे काम मोठं आहे, पण थोडं आहे, हेही तुला स्पष्ट सांगायला हवं. रवांडातल्या वंशसंहाराचे खटले चालवणारं आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरण २०१५ मध्ये बंद झालं, युगोस्लावियातल्या युद्धगुन्ह्यांचं २०१७ मध्ये. हेगला एका वेळी चालू असणारे खटले मोजकेच असतात. त्यामुळे केवळ त्यावर पोट भरणारे वकील जगात फार नाहीत. ज्यांना आपण आंतरराष्ट्रीय म्हणतो, ते बहुतेक जण आपापल्या देशात खून, दरोडे, फसवणुकीचे खटले चालवतात आणि मधून एखादं बाहेरचं काम येतं.

मला तुझ्यासाठी त्या मुलाखतीतल्या बाईंपेक्षा दुसरंच नाव सुचतं. नवी पिल्लै. दक्षिण आफ्रिकेत डर्बनजवळच्या क्लेअरवुडमध्ये १९४१ साली तमिळ कुटुंबात जन्म, वडील बसचालक. शिक्षणाला पैसे नव्हते, तेव्हा वस्तीतल्या भारतीय लोकांनी वर्गणी काढली. १९६५ मध्ये नाताळ विद्यापीठातून एलएलबी झाल्या. वर्णभेदाच्या राजवटीत त्यांना कामावर ठेवायला कुणी गोरा वकील तयार नव्हता, म्हणून १९६७ मध्ये त्यांनी स्वतःचं कार्यालय उघडलं. नाताळ प्रांतात असं करणारी ती पहिली गौरेतर स्त्री. त्यानंतर अठ्ठावीस वर्षं त्या तिथेच वकिली करत राहिल्या. वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्यांचे बचाव केले. १९७३ मध्ये रॉबेन बेटावरच्या राजकीय कैद्यांना वकील भेटू द्यावा, हा हक्क न्यायालयातून मिळवला. त्या कैद्यांत मंडेलाही होते. हार्वर्डची एलएलएम त्यांनी केली ती १९८२ मध्ये, म्हणजे स्वतःचं कार्यालय उघडल्यावर पंधरा वर्षांनी. रवांडाच्या न्यायाधिकरणावर न्यायाधीश म्हणून निवड झाली १९९५ मध्ये. पुढे हेगला न्यायाधीश, मग संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार उच्चायुक्त. आधी गावातली न्यायालयं, मग हार्वर्ड, मग जग. माझा क्रमाचा आग्रह कुठून आला ते आता तुला कळलं असेल.

त्यांच्या पीठापुढचा एक खटला तू मुद्दाम वाच. झां-पॉल अकायेसू हा रवांडातल्या ताबा गावाचा नगराध्यक्ष. १९९७ च्या जानेवारीत खटला उभा राहिला तेव्हा आरोपपत्रात बलात्काराचा उल्लेखच नव्हता. साक्षीच्या ओघात एका बाईने सांगितलं की तिच्या सहा वर्षांच्या मुलीवर बलात्कार झाला. तीन न्यायाधीशांत पिल्लै एकट्याच स्त्री होत्या. पीठाने तो धागा सोडला नाही, पुढे विचारत राहिलं. आणखी एका साक्षीदाराने तशीच हकीकत सांगितली. १९९७ च्या जून महिन्यात आरोपपत्र दुरुस्त झालं आणि २ सप्टेंबर १९९८ च्या निकालात बलात्कार हा वंशसंहाराचा भाग ठरू शकतो असं जगात पहिल्यांदा एखाद्या आंतरराष्ट्रीय न्यायपीठाने मान्य केलं. हे घडलं ते साक्षीदार बोलत असताना कुणीतरी नीट ऐकलं म्हणून. ऐकणं कुठल्या बार कोर्समध्ये शिकवून येत नाही. रोज साक्षी ऐकूनच ते अंगात भिनतं.

त्या खटल्यातले साक्षीदार किन्यारवांडा बोलत होते. त्यांचं म्हणणं आधी फ्रेंचमध्ये, मग इंग्रजीत जायचं, आणि अर्थ कुठे निसटतो हे समजून घ्यायला न्यायालयाला भाषातज्ज्ञाची साक्ष घ्यावी लागली. आता आपल्या सत्र न्यायालयाकडे बघ. अक्कलकोटकडचा शेतकरी कन्नडमध्ये बोलतो, तुमच्या पूर्वभागातली विडी वळणारी बाई तेलुगूत, कुणी उर्दूत, आणि पोलीस ठाण्यात हवालदार सगळ्यांचे जबाब मराठीत लिहून घेतो. साक्षीच्या वेळी त्या बाईला तिचाच जबाब वाचून दाखवला तर ती गोंधळते, कारण त्यातली वाक्यं तिची नसतात. आपण वकील मंडळी त्याला विसंगती म्हणून पुढे जातो. तुला मात्र तेलुगू येतं. जबाबातलं कुठलं वाक्य तिच्या तोंडचं असूच शकत नाही, हे तुला आधी कळतं. स्वतःच्या खटल्यात तू दुभाषी होऊ शकत नाहीस, पण भाषांतर चुकतंय तिथल्या तिथे उभं राहून हरकत नोंदवू शकतेस, आणि ती रोजनाम्यावर आली तर अपिलात उपयोगी पडते. हेगच्या वकिलांना जे दुभाष्याच्या खोलीतून शिकावं लागतं, त्यात तू लहानपणापासून वाढली आहेस. याला मी तुझी सगळ्यात मोठी शिदोरी मानते.

तुरुंगाचंही तसंच. भारत आणि ब्रिटन यांच्यात १९९२ चा प्रत्यार्पण करार आहे. विजय मल्ल्या यांच्या प्रकरणात लंडनच्या वेस्टमिन्स्टर मॅजिस्ट्रेट कोर्टाने २०१८ मध्ये आर्थर रोड तुरुंगातल्या बराक क्रमांक १२ चा व्हिडिओ मागवला. खोलीत नैसर्गिक उजेड येतो का, यावर लंडनमध्ये बॅरिस्टर वाद घालत होते. नीरव मोदी प्रकरणातही तीच बराक चर्चेत आली. २०२५ च्या फेब्रुवारीत लंडनच्या उच्च न्यायालयाने संजय भंडारी यांचं प्रत्यार्पण नाकारलं, त्यातही तिहारमधल्या परिस्थितीचा मुद्दा होता. म्हणजे आपले तुरुंग, आपल्या कोठड्या, आपल्या खटल्यांचा वेग हे सगळं परदेशी न्यायालयांत पुरावा म्हणून तपासलं जातं. हे आतून जाणणारे वकील तिथे फार थोडे आहेत. सोलापूरच्या कारागृहात अशिलाला भेटायला जातेस तेव्हा डोळे उघडे ठेव. किती जणांना जामीन होऊनही जामीनदार मिळत नाही म्हणून आत राहावं लागतं, आजारी कैद्याला रुग्णालयात न्यायला पोलीस गार्ड कधी मिळतो, सुनावणीला प्रत्यक्ष आणतात की पडद्यावर दाखवतात, हे बघून ठेव.

उलट दिशेनेही जग सत्र न्यायालयात येतं. २०१६ च्या फेब्रुवारीत २६/११ च्या कटातल्या डेव्हिड हेडलीने अमेरिकेतून मुंबईच्या सत्र न्यायालयापुढे व्हिडिओद्वारे साक्ष दिली. त्याची सरतपासणी उज्ज्वल निकम यांनी घेतली, ज्यांची वकिली जळगावच्या जिल्हा न्यायालयात सुरू झाली.

आता आई. तिला दोष देऊ नकोस. तिच्या मनात ते लेकरू आहे आणि ते असायलाच हवं. तिला आधी हे सांग की या कायद्यात आरोपीचा वकील मुलाला थेट प्रश्न विचारूच शकत नाही. प्रश्न न्यायाधीशांकडे द्यायचे, ते विचारतात, आणि मुलाला घाबरवणारी, चारित्र्यावर जाणारी प्रश्नावली न्यायालयाने चालू द्यायची नाही असं कायद्यातच लिहिलं आहे. मग दुसरी बाजू सांग. पोक्सोच्या गंभीर गुन्ह्यांत कायदा आरोपीच्या विरुद्ध गृहीत धरतो. निर्दोष असेल तर ते दाखवण्याचं ओझं त्याच्यावर येतं. ज्याच्यावर इतकं ओझं आहे त्याच्या बाजूला वकीलच नसेल, तर खोटी तक्रार आणि खरी तक्रार वेगळी कशी काढायची? आणि आरोपी खरा गुन्हेगार असेल, तर नीट लढल्या गेलेल्या खटल्यातली शिक्षाच अपिलात टिकते. बचाव धड झाला नाही म्हणून फेरसुनावणीचा आदेश आला, तर त्या मुलाला पुन्हा साक्षीला यावं लागेल. हे मी तुझ्या समाधानासाठी लिहीत नाही. फौजदारी वकिलीतच माझी हयात गेली आणि मी हे मानते.

कायदाही तेच म्हणतो. अटक झालेल्याला वकिलाचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मध्ये आहे. अमुक आरोपीचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही, असे ठराव काही वकील संघांनी केले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ते बेकायदा ठरवले. इंग्लंडमध्येही बॅरिस्टरला अशील आवडत नाही म्हणून काम नाकारता येत नाही. ज्या बाईंची मुलाखत तुला भावली, त्यांनी हेगला कुणाचा बचाव केला असेल? मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांचे आरोप असलेल्यांचाच. त्या कामाचा गाभा हाच आहे, आणि तो तुला सोलापुरातच, आईच्या अबोल्यासकट, स्वीकारावा लागणार आहे. आपल्या गावाला हे समजायला जड जाऊ नये. मे १९३० मध्ये इथे लष्करी कायदा पुकारला गेला आणि मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा यांना पोलिसांच्या खुनाचे आरोपी ठरवून १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. त्यांची आणि तुझ्या अशिलाची मी बरोबरी करत नाही. सरकारने आरोप ठेवला म्हणजे तो सिद्ध झाला असं मानायचं नसतं, एवढंच मला म्हणायचं आहे. खटल्यातल्या मुलाचं नाव, गाव, शाळा यातलं काहीही आईला सांगायचं नाही, घरातही नाही.

पुढची सात-आठ वर्षं तू कशी घालवावीस, याबद्दल माझं मत. कोल्हापूरचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालं आणि आपला जिल्हा त्याच्या हद्दीत आला. आजवर अपिलासाठी मुंबई गाठावी लागायची, तिथे राहायचा खर्च अशिलालाही झेपत नसे आणि ज्युनिअरलाही. आता स्वतः चालवलेल्या खटल्याचं अपील स्वतः उच्च न्यायालयात मांडण्याची संधी तुझ्या पिढीला आहे. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रियेची नवी संहिता, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, लागू झाली. नव्या कलमांपुढे ज्येष्ठ आणि ज्युनिअर दोघेही सारखेच नवखे आहेत, तेव्हा ती तोंडपाठ कर. सरसुद्धा तुला विचारायला लागतील. संध्याकाळी फ्रेंच शिक. हेगच्या यादीसाठी इंग्रजी पुरतं, पण पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या प्रकरणांत फ्रेंच येणाऱ्याला आधी विचारलं जातं.

परदेशी जायचं ते शिष्यवृत्तीवर. ब्रिटनच्या चीव्हनिंगला किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, तो तुझ्याकडे आहे. परत येऊन दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट तुला तर सोयीचीच. तुम्ही पद्मशाली असाल, तर तो समाज विशेष मागास प्रवर्गात येतो, तेव्हा राज्याच्या इतर मागास बहुजन कल्याण विभागाची परदेशी शिष्यवृत्तीही पाहा. उत्पन्न, वय आणि विद्यापीठाची जागतिक क्रमवारी या अटी दर वर्षीच्या जाहिरातीत वाचून घे. तीस-बत्तिसाव्या वर्षी, शे-दीडशे साक्षी ऐकून झाल्यावर एलएलएम केलीस, तर वर्गात तुला प्रश्न पडतील. आज गेलीस तर नुसत्या नोट्स काढशील. तिथे राहून वकिली करावीशी वाटली, तर भारतातल्या अनुभवी वकिलाला बार कोर्सच्या काही भागातून सूट मागता येते. तोही अर्ज अनुभवाच्या जोरावरच भक्कम होतो.

एक नोंदवही आजच सुरू कर. खटला क्रमांक, न्यायालय, कलमं, तू कुणाच्या बाजूने होतीस, कुठला साक्षीदार तू स्वतः तपासलास, जामीन अर्ज कुणी लिहिला, निकाल काय लागला. अशिलाचं गुपित त्यात येऊ देऊ नकोस. दहा वर्षांचा अनुभव कागदावर सिद्ध करायची वेळ येते तेव्हा आठवणीवर काही मिळत नाही, आणि निवृत्त झालेले न्यायाधीश किंवा ज्येष्ठ वकील शिफारसपत्र द्यायला तयार असले, तरी त्यांनाही खटल्यांची यादी हवी असते.

सरांशी मात्र या आठवड्यातच बोल. ते थांब म्हणतात ते बरोबर आहे, पण नुसतं तारखा घेत थांबणं बरोबर नाही. त्यांना सांग की दर महिन्याला निदान एक साक्षीदार मला उलटतपासणीला द्या, पंच दिला तरी चालेल, आणि आदल्या संध्याकाळी माझे प्रश्न तपासा. तीन महिन्यांत एकही साक्ष तुझ्या वाट्याला आली नाही, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या लोक अभिरक्षक कार्यालयात सहायक पदाची जाहिरात कधी निघते ते विचारून ये. ते पद नवख्या वकिलांसाठीच असतं, त्यामुळे फार उशीर करू नकोस. काम कंत्राटी आणि पूर्णवेळ आहे, खासगी वकिली सोडावी लागते. पण ज्यांना वकील परवडत नाही अशा आरोपींचे रिमांड, जामीन आणि खटले थेट तुझ्या हातात येतील, आणि तिथे तारीख घेऊन परत येणारी ज्युनिअर म्हणून तुला कुणी ठेवणार नाही.